साडेआठ ते साडेअकरा : नवी मुंबईतल्या एका अफवेचं प्रकरण

हरवलेला मुलगा गुरुवारी सकाळी साडेआठ वाजता सापडला. त्याला पळवल्याच्या संशयावरून आमच्या सोसायटीच्या गेटवर एका बोहारणीला गर्दीने घेरलं, तेव्हा साडेअकरा वाजले होते. मधले तीन तास मुलगा सुखरूप असल्याचं पोलीस ठाण्याला माहीत होतं, त्याच्या आईवडिलांना माहीत होतं, बाकी आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. या प्रकरणात जे चुकलं आणि पुढे जे सुधारलं, ते सगळं या तीन तासांशी येऊन थांबतं. म्हणून ते नीट लिहून ठेवते आहे. मी तेव्हा सोसायटीची सचिव होते, आजही आहे. चुकांमध्ये माझाही वाटा आहे, तो त्याच्या जागी येईलच.

नवी मुंबईतल्या या भागाचं (नोडचं), पोलीस ठाण्याचं किंवा कोणाही माणसाचं नाव इथे देत नाही. मुलगा लहान आहे आणि त्याला अजून इथेच राहायचं, शिकायचं आहे.

परिसर कसा आहे ते मात्र सांगायला हवं. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून सिडकोने आखलेला एक सेक्टर. एका अंगाला माथाडी कामगारांची घरं. एके काळी बैठी होती, आता तीन-तीन, चार-चार मजली झाली आहेत. सातारा-सांगलीकडून वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारात हमालीला आलेल्या लोकांची दुसरी-तिसरी पिढी तिथे राहते. दुसऱ्या अंगाला आमच्यासारख्या लिफ्टच्या सोसायट्या, त्यात निम्मे भाडेकरू. आणि मागे जुनं गावठाण, आगरी-कोळी लोकांचं, शहराच्या कितीतरी आधीपासूनचं. तीन वस्त्यांचे तीन वेगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. एकातला माणूस सहसा दुसऱ्यात नाही, आणि पोलिसांचं तर कोणीच तिन्हींपैकी एकातही नव्हतं. आमच्या ऑफिसच्या दारावर एका अधिकाऱ्याच्या नावाचं आणि नंबरचं स्टिकर होतं. ते अधिकारी दोन बदल्यांपूर्वीच इथून गेले होते.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी संध्याकाळी माथाडी वसाहतीतला नववीतला मुलगा क्लासला म्हणून निघाला आणि परत आला नाही. आदल्या रात्री मोबाईलच्या वापरावरून वडिलांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. घरच्यांनी मित्र, मैदान, वाशीचा मॉल, सगळं पालथं घातलं आणि रात्री साडेदहाला पोलीस ठाणं गाठलं. पोलिसांनी टाळाटाळ केली नाही. त्याच रात्री गुन्हा दाखल झाला, तोही अपहरणाचा.

पुढची सगळी गफलत या एका शब्दातून उगवली. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलन या मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला, तेव्हापासून अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांना ती नुसत्या ‘मिसिंग’च्या नोंदीवर ठेवता येत नाही. अपहरण झालं असावं असं धरूनच गुन्हा नोंदवून तपास सुरू करायचा असतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७(२) लागतं. नियम अतिशय चांगला आहे. त्याआधी गरिबाची मुलगी हरवली की ‘येईल, दोन दिवस थांबा’ असं सांगून परत पाठवत, ते यामुळे आटोक्यात आलं. पण रागावून गेलेला मुलगा, प्रेमात पडून गेलेली मुलगी, वाट चुकलेलं पोर, अशा सगळ्या नोंदी कागदावर ‘अपहरण’ म्हणूनच उतरतात. सामान्य माणूस तो शब्द वाचतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर पोतं आणि व्हॅन उभी राहते.

बुधवारी दुपारी कोणीतरी एफआयआरच्या पहिल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. पाठोपाठ मुलाचा फोटो आला, त्यावर लाल अक्षरांत ‘टोळी सक्रिय’. मग एक ऑडिओ : बाई रडत सांगते आहे की अमक्या शाळेच्या बाहेर दोन मुलं उचलली, भांडी विकणाऱ्या बायकांचा वेश करून येतात. आणि रात्री तो जुना व्हिडिओ, मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलून नेतात तो. हा व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केला होता. शेवटी मूल परत आणून ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, तेवढा भाग कापून तो २०१८ पासून आपल्याकडे फिरतो आहे. आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हतं.

रात्री नऊला मी सोसायटीच्या फलकावर सूचना लावली. अजून माझ्याकडे तिची प्रत आहे : ‘सावधान. परिसरात मुले पळवणारी टोळी फिरत आहे. अनोळखी व्यक्ती, फेरीवाले, भांडीवाल्या यांना आत सोडू नये.’ खाली माझी सही आणि सोसायटीचा शिक्का. ती लावण्याआधी मी पोलीस ठाण्यात एक फोनही केला नव्हता. ग्रुपवरचा निरोप हा निरोपच असतो, पण शिक्का बसला की त्याचा आदेश होतो. सकाळच्या पाळीच्या वॉचमनने तो आदेशच मानला.

गेटवर

ती बाई आमच्या भागात वर्षानुवर्षं येणारी. जुनी लुगडी, जुन्या पॅण्ट द्यायच्या आणि स्टीलचं पातेलं, डबा घ्यायचा. गुजराती वळणाचं मराठी बोलते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतः तिला बोलावलं होतं, दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. त्या दिवशी तिच्या खांद्यावर तीनेक वर्षांचा नातू झोपलेला होता, त्याची आई तापाने आजारी होती म्हणून. वॉचमनने अडवलं, आवाज वाढले, मूल जागं झालं आणि भेदरून रडायला लागलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, ‘बघा, हिच्याकडे राहत नाही पोर, हिचं नाहीच ते.’ तेवढं पुरलं. आधार कार्ड दाखव, मुलाचं नाव सांग, बापाचं नाव सांग. ती घाबरून गुजरातीत बोलायला लागली, तो दुसरा पुरावा ठरला. एकाने तिच्या थोबाडीत मारली. गाठोडं सुटून भांडी गेटबाहेर रस्त्यावर घरंगळत गेली. व्हिडिओ काढणारे चार-पाच जण होतेच. ‘मुलं पळवणारी पकडली’ म्हणून तो व्हिडिओ माथाडी वसाहतीत पोचला आणि तिकडून माणसं धावत येऊ लागली.

मी ११२ लावला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन त्या बाईच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. सत्तरीच्या बाई, हातात त्या दोन साड्या. त्या दिवशीचं सगळ्यात धैर्याचं काम त्यांनी केलं.

अकरा मिनिटांत दोन बीट मार्शल, म्हणजे भागात गस्त घालणारे पोलीस, मोटरसायकलवर आले. त्यांनी नेमकं काय केलं ते बारकाईने सांगते, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एक जण बाईकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने दंडुका काढला नाही, ओरडलाही नाही. दुसऱ्याने बाईला आणि मुलाला, काकूंसह, सोसायटीच्या ऑफिसात नेलं आणि दार लावून घेतलं. गाडी मागवून तिला ठाण्यात नेणं सोपं होतं. बीट अंमलदार हवालदारसाहेब पाच मिनिटांनी पोचले, त्यांनीच ते थांबवलं. मला नंतर म्हणाले, ‘ताई, तिला गाडीत बसवलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, बघा, पोलिसांनी उचलली, म्हणजे खरंच होतं. पुढच्या वेळी ती कुठल्याच सेक्टरात फिरू शकली नसती.’

मग ते गेटवर गेले आणि मोठ्याने म्हणाले, ‘मुलगा सापडलाय. आज सकाळी. कल्याण स्टेशनवर. मी स्वतः त्याच्याशी फोनवर बोललोय.’

गर्दी एकदम शांत झाली. मग मागून एका बाईने विचारलं, ‘मग सकाळीच का नाही सांगितलं?’

हवालदारसाहेबांकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते बनवूनही सांगितलं नाही. तासाभरात बाईची मुलगी तापातच रिक्षाने आली, मुलाच्या जन्माचा दाखला घेऊन. तिला मागच्या दाराने न आणता मुख्य गेटमधून, उरलेल्या सगळ्यांच्या देखत आत आणलं गेलं. नातू आईकडे झेपावला, तेव्हा थोबाडीत मारणारा माणूस तिथे नव्हता.

तीन तास गप्प का

हा प्रश्न मी नंतर ठाण्यातल्या सहायक पोलीस निरीक्षकांना शांतपणे विचारला. त्यांचं म्हणणं असं : रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांना मुलगा फलाटावर झोपलेला दिसला, त्याने वडिलांचा नंबर दिला, साडेआठला फोन आला. लगेच पथक कल्याणला निघालं. पण मुलगा प्रत्यक्ष ताब्यात येत नाही, त्याचा जबाब होत नाही, त्याला कोणी फूस लावली होती का ते कळत नाही, तोवर जाहीर काही बोलायचं नाही अशी पद्धत आहे. उद्या जबाबात काही वेगळं निघालं तर पोलीस तोंडघशी पडतात.

मला ही अडचण खोटी वाटत नाही. पण पोलिसांनी दोन प्रश्न एकत्र बांधले होते. मुलगा का गेला, याचं उत्तर जबाबाशिवाय देता येत नव्हतं. मुलगा कुठे आहे, याचं उत्तर साडेआठलाच हातात होतं. ‘मुलगा सुखरूप आहे, तो कसा गेला याची चौकशी सुरू आहे’ एवढं एक वाक्य नऊ वाजता तिन्ही वस्त्यांत पोचलं असतं, तर माझी सूचना खाली उतरली असती आणि गेटवर फार तर कुरबूर झाली असती.

आणि महाराष्ट्रात हे न समजण्यासारखं राहिलेलं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजारात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारे. संशय हाच, मुलं पळवण्याचा. त्यानंतर सोळाव्या दिवशी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्यांविरुद्धच्या तहसीन पूनावाला प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात एक नोडल पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं आणि भडकावणारे निरोप रोखणं हे शासनाचं कर्तव्य ठरवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकदम पाचपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करण्यावर बंधन घातलं. तरी एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकलं, सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात चार साधूंना मारहाण झाली. मार खाणारा दर वेळी फिरस्ताच असतो. ज्याला त्या गावात ओळखणारं कोणी नसतं, ज्याच्या बाजूने बोलायला तिसऱ्या मजल्यावरून कोणी खाली येत नाही, तो.

दुपारचा निरोप

दुपारी वरिष्ठ निरीक्षकांनी तिन्ही वस्त्यांतले दोन-दोन जण बोलावले. मीही होते. निरोपाचा पहिला मसुदा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता : ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, अन्यथा कठोर कारवाई करण्यात येईल.’ गावठाणातल्या एका तरुणाने विचारलं, ‘साहेब, नेमकी कुठली गोष्ट अफवा? मुलगा तर खरंच हरवला होता.’ वरिष्ठ निरीक्षकांनी तो कागद बाजूला ठेवला आणि नवा लिहायला घेतला. शेवटी गेलेला निरोप असा :

‘आज, दुपारी २.१५. मंगळवारी घरातून निघून गेलेला १४ वर्षांचा मुलगा आज सकाळी कल्याण रेल्वे स्थानकात सुखरूप सापडला. तो स्वतःहून गेला होता, त्याला कोणी नेलं नव्हतं. आज गेटवर अडवलेली महिला आणि तिच्याजवळचं मूल हे आजी-नातू आहेत, कागदपत्रं पाहिली आहेत. मोटरसायकलचा व्हिडिओ आपल्या शहरातला नाही. ऑडिओमधला आवाज कोणाचा ते अजून कळलेलं नाही, तपास चालू आहे. त्यात सांगितलेल्या शाळेत जाऊन विचारलं, तिथलं एकही मूल हरवलेलं नाही. मुलाचा फोटो कृपया काढून टाका. काही दिसलं तर स्वतः अडवू नका, ११२ ला फोन करा. पुढचा निरोप संध्याकाळी ७ वाजता.’

खाली ठाण्याचा नंबर आणि सहायक निरीक्षकांचं नाव. त्यांनी हाच मजकूर स्वतःच्या आवाजात मराठीतून आणि हिंदीतून रेकॉर्ड करून दिला. माथाडी वसाहतीत बरेच जण वाचण्यापेक्षा ऐकतात, आणि नाव सांगून बोललेल्या माणसाचा आवाज लोकांना पटतो. ग्रुपच्या बाहेरच्यांसाठी पोलिसांची गाडी भोंग्यावर हेच सांगत दोन फेऱ्या फिरली. रिक्षा स्टॅण्ड, भाजी मार्केट आणि शाळेचं गेट हवालदारसाहेबांनी पायी केलं.

सगळ्यात जास्त काम केलं ते ‘अजून कळलेलं नाही’ आणि ‘पुढचा निरोप ७ वाजता’ या दोन वाक्यांनी. पोलीस आपल्याला अर्धवट माहितीसुद्धा खरी सांगतात, हे लोकांना पहिल्यांदा दिसलं. आणि सात वाजता खरोखर निरोप आला. त्यात नवीन काही नव्हतं, तेवढंच लिहिलं होतं : ‘दुपारनंतर नवीन काही घडलेलं नाही. उद्या शाळा नेहमीप्रमाणे.’ तो वाचून आमच्या ग्रुपवरची बडबड जवळजवळ थांबली. दिलेल्या वेळी काही नसलं तरी बोलायचं, हे मी त्या दिवशी पोलिसांकडून शिकले. पाण्याच्या टाकीच्या कामातही आता आम्ही तसंच करतो.

रात्री समाजमंदिरात बैठक झाली. लोक चिडलेले होते. ‘मग तुमच्या कागदावर अपहरण का लिहिलंय?’ हा प्रश्न आलाच, आणि २०१३ च्या आदेशाची गोष्ट तिथे पहिल्यांदा सगळ्यांना नीट कळली. एका आजींनी सोसायट्यांकडे बोट दाखवून सांगितलं, ‘यांच्या बोर्डावर शिक्का मारून लावलं होतं, म्हणून आम्ही खरं मानलं.’ मी उठून उभी राहिले आणि ती सूचना माझी होती, न विचारता लावली होती, हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच फलकावर, त्याच शिक्क्याने, चूक कबूल करणारी सूचना लावली.

जे मला अजून पटलेलं नाही

बोहारणीला मारणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. ‘मला तक्रार करायची नाही, मला घरी जायचंय’ असं ती म्हणाली, आणि स्टेशन डायरीतल्या नोंदीवर विषय संपला. साधी मारहाण अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिला अडवून ठेवणं, बेकायदा जमाव, हे तर दखलपात्र होतं आणि व्हिडिओ आमच्याच लोकांनी काढलेला होता. तक्रार द्यायची म्हणजे पुन्हा याच गेटवर यायचं, हे ज्या बाईला कळतं तिचा नकार हा खरा नकार धरायचा का? माझ्या मते पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवायला हवा होता. ऑडिओ पसरवणाऱ्या तिघांना बोलावून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ ची समज दिली गेली, अफवेसाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते हे सांगितलं गेलं. हात उचलणाऱ्याला मात्र तेवढीही समज मिळाली नाही.

दुसरी गोष्ट. बैठकीत सूचना आली की फेरीवाल्यांची, भांडीवाल्यांची नोंद करून ओळखपत्रं द्यावीत. बऱ्याच जणांनी मान डोलावली. मी विरोध केला आणि अजूनही करते. त्या दिवशी धोका त्या बाईपासून नव्हता, तिला धोका आमच्यापासून होता. ओळखपत्र ज्याच्या गळ्यात नाही तो चोर, असा नवाच नियम त्यातून तयार झाला असता. सूचना मागे पडली, पण पुन्हा कधीतरी येईल.

त्यानंतर

आता तिन्ही वस्त्यांचा मिळून एक ग्रुप आहे. त्यात फक्त ठाण्याचे दोघे लिहू शकतात. प्रत्येक सोसायटीतून आणि गल्लीतून एक जण नेमला आहे. काही ऐकलं की त्याने थेट हवालदारसाहेबांना विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत पुढे पाठवायचं नाही. रात्री-अपरात्री उत्तर द्यायला त्यांच्यावर किती ताण येतो ते मी पाहिलं आहे. एका बीटला एक माणूस, बंदोबस्त वेगळा, कोर्टाची तारीख वेगळी.

दिवाळीत त्याची कसोटी लागली. गावठाणालगतच्या दोन बंद घरांची कुलपं तुटली. सकाळी आठ वाजता, कोणी ग्रुपवर विचारण्याआधीच, पोलिसांचा निरोप आला : दोन घरफोड्या झाल्या आहेत, रात्री दोन ते चारच्या सुमारास, दागिने गेले आहेत, गावाला जाणाऱ्यांनी शेजारी आणि ठाण्याला कळवून जावं, त्या गल्लीत रात्रीची एक गस्त वाढवली आहे. वाईट बातमीही त्यांनीच आधी सांगितली. त्या रात्री ‘चड्डी-बनियन गँग’चा जुना निरोप पुन्हा फिरायला लागला, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी काठ्या काढण्याआधी हवालदारसाहेबांना फोन केला.

मुलगा दहावीत गेला आहे. त्याचा तो लाल अक्षरांचा फोटो अजून कुठे ना कुठे फिरतो. मध्यंतरी एनएमएमटीच्या बसमध्ये एका प्रवाशाने त्याचा हात धरून ‘तू हरवलेला ना रे?’ म्हणून विचारलं. घरी येऊन तो दोन दिवस शाळेत गेला नाही. बोहारीण आमच्या सेक्टरमध्ये पुन्हा आलेली नाही. काकूंनी त्या दोन साड्या हवालदारसाहेबांच्या हाती तिच्या घरी पाठवल्या, तिने बदल्यात एक डबा पाठवला.

हवालदारसाहेबांची इथली मुदत या वर्षी संपते. बदलीचा आदेश आला की जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून एक आठवडा तिन्ही वस्त्यांत फेऱ्या माराव्यात, लोकांची तोंडओळख करून द्यावी, अशी लेखी विनंती आम्ही ठाण्यात दिली आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचं आहे.